घरोघरची विद्या आणि शाळेची वास्तू

विद्येला वास्तूची आवश्यकता किती, हा प्रश्न अलीकडे नव्याने उपस्थित झाला आहे. मोबाइलद्वारे पाठ घरपोच होऊ लागल्यापासून, शाळेच्या इमारतीवर द्रव्य कशास वेचावे, असे विचारणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्या ज्ञातीतही आढळतात. या प्रश्नी इतिहासाचा कौल घेणे आम्हांस इष्ट वाटते. आणि त्यासाठी आपल्या त्र्यंबकक्षेत्रापासून फार दूर जाण्याचे कारण नाही.

ब्रह्मगिरीवरील गुहेत गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांस उपदेश केला, अशी परंपरा आहे. तेच निवृत्तिनाथ पुढे ज्ञानदेवांचे गुरू झाले व त्यांची समाधी याच क्षेत्री आहे. त्या विद्येला ना भिंती होत्या, ना फळा. वेदाध्ययनातही गुरूचे घर हीच शाळा असे. लौकिक शिक्षणाची रीत याहून वेगळी नव्हती. पंतोजी देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत अथवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत बसत आणि मुले धुळाक्षरे गिरवीत. सारांश, आधी इमारत व मग विद्या, असा क्रम आपल्याकडे कधीच नव्हता.

मग इमारती उभ्या राहिल्या त्या कशासाठी? आमच्या मते याचे उत्तर त्या ओवरीतच आहे. ज्यास देवळात मज्जाव, त्यास देवळातील शाळेतही मज्जाव. आणि मुलींचा तर प्रश्नच उद्भवत नसे. १८४८ साली पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींसाठी शाळा काढली, तेव्हा त्या जागेचे मोल तिच्या भिंतींत नव्हते, उघडलेल्या दारात होते. १९०१ पासून शाहू छत्रपतींच्या आश्रयाने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात तर सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवू लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व क्रीडांगण हे शाळेचे मानदंड ठरविले. पाठ कोठेही देता येतो. परंतु हे सर्व घरोघर देता येत नाही.

दूरशिक्षणाचा अनुभवही आपल्या परिसरास नवा नाही. त्र्यंबकास उगम पावणारी गोदामाई जेथे गंगापूर धरणात विसावते, त्याच परिसरात १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ वसले आहे. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. तथापि, या विद्यापीठालाही गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढावी लागली. विद्या घरी पोहोचली, परंतु शंका विचारावयास विद्यार्थ्यास इमारतीतच यावे लागले.

खरी कसोटी लागली ती २०२० च्या मार्चमध्ये. करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. मोबाइलवरही पाठ येऊ लागले. परंतु डोंगरकपारीच्या पाड्यांवर कोठे मोबाइल नव्हता, कोठे असून त्यास रेंज नव्हती, आणि जेथे दोन्ही होते तेथे तो एकच मोबाइल घेऊन बाप कामावर जात असे. तेव्हा ठिकठिकाणच्या शिक्षकांनी ओट्यावर, झाडाखाली, देवळाच्या मंडपात मुले जमविली. पंतोजींची शाळा जणू पुन्हा अवतरली! इकडे राज्यातील कित्येक शाळांच्या इमारतींत विलगीकरणाची सोय झाली. खेड्यातील पहिली ते चौथीची मुले वर्गात परतली ती १ डिसेंबर २०२१ रोजी. तोवर पहिलीत नाव घातलेली मुले वर्ग न पाहताच दुसरीत गेली होती.

पुढे २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. त्याच वर्षी शेजारच्या इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले, गावची शाळा बंद होऊ नये म्हणून, शेळ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. शाळा नसेल तर शेळ्याच राखावयाच्या, हा त्या मोर्चाचा अर्थ होता. पाठ मोबाइलवर मिळतो, हे त्या मुलांस कोणी सांगितले असते, तर त्यांचे समाधान झाले असते काय?

तात्पर्य, शाळेच्या वास्तूचे कार्य बदलत आहे; संपलेले नाही. माहिती देण्याचे काम यंत्राने वाटून घेतले. समवयस्कांचा सहवास, पोटभर जेवण, निवांत जागा आणि शिक्षकाची नजर, ही कामे वास्तूकडे राहिली, व त्यांचे महत्त्व वाढले.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती आहे. आपल्या मंडळाचे सभागृह लग्नसराई सोडल्यास बहुधा कुलूपबंद असते. तेथे रोज सायंकाळी अभ्यासिका चालवावी. दोन संगणक व इंटरनेटची सोय करावी. आणि सेवानिवृत्तांनी पाळीपाळीने तेथे बसावे. एका खोलीत पाच माणसे राहणाऱ्या घरातील मुलास यासारखे दुसरे साहाय्य नाही. मात्र ते दार केवळ आपल्याच मुलांसाठी उघडले, तर आपण पुन्हा त्या जुन्या ओवरीत जाऊन बसलो, असे होईल. ते सर्वांसाठी उघडावे. येत्या वार्षिक सभेत कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची प्रार्थना आहे.