तारामाशाचे कूळ आणि एक उपयोगी पडलेली चूक

(१) तारामासा हा मासा नव्हे, हे आपण शाळेतच शिकतो. त्याला कणा नाही, कल्ले नाहीत, मेंदूही नाही. मग तो कोण आणि त्याचे भाऊबंद कोणते? या प्रश्नाचा माग काढण्यात युरोपातील अभ्यासकांची सुमारे पावणेदोनशे वर्षे गेली. त्या प्रवासात एका थोर शास्त्रज्ञाने केलेली चूक फार मोलाची ठरली. आजचा धागा त्या चुकीचा इतिहास सांगतो.

(२) आरंभ १७३३ मध्ये होतो. लाइपझिगचा औषधविक्रेता योहान हाइनरिख लिंक याने केवळ तारामाशांवर एक सचित्र लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हातांच्या खालच्या बाजूस खाच असलेले तारे एका गटात आणि खाच नसलेले दुसऱ्या गटात, अशी त्याची मांडणी होती. खाच नसलेले म्हणजे सापासारख्या वळवळणाऱ्या बारीक हातांचे तारे. आजही हे दोन निराळे वर्गच मानले जातात.

(३) पुढे १७५८ मध्ये लिनियसने मात्र या दोन्हींना ‘अ‍ॅस्टेरियस’ या एकाच प्रजातीत कोंबले. ही प्रजाती त्याने ‘कृमी’ नावाच्या मोठ्या वर्गात, जेलीफिशच्या शेजारी ठेवली. ज्यांना कुठेच जागा नाही, अशा मऊ आणि बिनहाडाच्या जिवांची ती जणू धर्मशाळा होती.

(४) त्यानंतर फ्रान्समध्ये जॉर्ज क्यूव्हिए याने १८१२ मध्ये प्राणिसृष्टीचे चार मूलभूत आराखडे मांडले. चाकाच्या आऱ्यांप्रमाणे मध्याभोवती अवयव असलेले प्राणी, म्हणजे अरीय सममितीचे जीव, त्याने चौथ्या विभागात घातले. तारामासा, जेलीफिश, प्रवाळ हे सारे सगेसोयरे ठरले. पुरावा काय? तर दिसायला सारखे.

(५) येथे बर्लिनचे प्राध्यापक योहानेस म्युलर रंगमंचावर येतात. १८४२ मध्ये त्यांनी ट्रोशेल यांच्यासह तारामाशांच्या वर्गीकरणाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्याचा आधार होता प्रौढ प्राण्याची शरीररचना. संग्रहालयातील बरण्यांत आणि वाळवलेल्या नमुन्यांत जे दिसते, तेच तेव्हा प्रमाण मानले जाई.

(६) परंतु त्याआधीच, १८३५ मध्ये, नॉर्वेच्या मिकाएल सार्स या धर्मोपदेशकाने समुद्रात तरंगणाऱ्या एका पारदर्शक जिवाचे वर्णन केले होते. त्याच्या एका टोकाला लहानसा तारा चिकटलेला दिसे, म्हणून सार्सने त्याला ‘तारा वाहणारा’ अशा अर्थाचे नाव दिले. हे तारामाशाचे बालपण आहे, ही गोष्ट पुढच्या दशकात स्पष्ट झाली.

(७) १८४० च्या दशकात म्युलर हेलिगोलँड बेटाजवळ बारीक जाळे टाकून समुद्रातील सूक्ष्म जीव गोळा करू लागले. तारामासे, समुद्री अर्चिन, समुद्री काकड्या या साऱ्यांचे डिंभ, म्हणजे बाल्यावस्थेतील जीव, त्यांनी एकामागून एक रेखाटले. त्यातून एक विलक्षण बाब समोर आली : यांपैकी एकही डिंभ ताऱ्यासारखा नव्हता. आपल्या शरीराप्रमाणेच त्यांना डावी आणि उजवी बाजू होती.

(८) याचा अर्थ असा की, ज्या अरीय सममितीवर क्यूव्हिएचा चौथा विभाग उभा होता, ती तारामाशाला जन्मतः नसतेच, ती वाढताना येते. दरम्यान १८४७-४८ मध्ये रुडोल्फ लॉयकार्ट याने अंतर्रचनेच्या आधारे तारामाशांना जेलीफिशपासून वेगळे काढले. पन्नास वर्षेही न टिकता ते ‘नाते’ तुटले. मग खरे नातेवाईक कोण?

(९) आता ती चूक. १८५० मध्ये म्युलरना भूमध्य समुद्रात आणखी एक डिंभ सापडला. तो स्वतःभोवती गरगर फिरे, म्हणून त्याचे नाव ‘टॉर्नेरिया’. त्याच्या अंगावरील सूक्ष्म तंतूंचे नागमोडी पट्टे तारामाशाच्या डिंभासारखेच होते. म्युलरनी तो तारामाशाचाच डिंभ असल्याचा निष्कर्ष काढला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही स्थिती परिचयाची आहे : अक्षरवळण जुळते म्हणून एखादा मोडी कागद भलत्याच कारकुनाच्या नावावर चढतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो.

(१०) सुमारे वीस वर्षांनी एल्या मेच्निकोव्ह यांनी टॉर्नेरियाची वाढ कशी होते ते तपासले. त्यातून तारामासा निघाला नाही. निघाला बॅलॅनोग्लॉसस, वाळूत बीळ करून राहणारा मऊ, लांबट, किड्यासारखा प्राणी! अलेक्झांडर अगासी यांच्या १८७३ च्या अभ्यासानेही तेच दाखवले. म्युलर १८५८ मध्येच निवर्तले होते. आपली चूक त्यांना कधीच कळली नाही.

(११) मात्र या दोन दशकांत प्रश्नच बदलला होता. १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. म्युलरच्या काळी साम्याचा अर्थ ‘एकाच गटातले’ एवढाच असे. आता साम्याचा अर्थ ‘एकाच पूर्वजाचे वंशज’ असाही होऊ लागला. दोन प्राण्यांचे डिंभ म्युलरसारख्या जाणकाराचीही फसगत होण्याइतके सारखे का? मेच्निकोव्ह यांचे उत्तर होते : कारण ते खरोखरच आप्त आहेत.

(१२) याचे महत्त्व आणखी एका शोधाने वाढले. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की यांनी बॅलॅनोग्लॉससच्या घशाजवळ कल्ल्यांच्या फटी असल्याचे दाखवले होते. अशा फटी माशांत असतात, मानवी भ्रूणातही त्यांच्या खुणा उमटतात. आपण दहावीत शिकलेला ‘अर्धसमपृष्ठरज्जू’ हा शब्द आठवतो? त्या गटाचे मूळ नाव १८८५ मध्ये विल्यम बेटसन यांनी दिले. म्हणजे साखळी अशी जुळली : तारामासा, बॅलॅनोग्लॉसस, आपण.

(१३) १९०८ मध्ये कार्ल ग्रोबेन यांनी या कुळाला नाव दिले. त्याचे लक्षण भ्रूणात आहे. भ्रूणाला पडणारे पहिले छिद्र यांच्यात तोंड होत नाही. तेथे गुदद्वार होते आणि तोंड नंतर, दुसऱ्या जागी उघडते. गोगलगाय, खेकडा, गांडूळ यांच्यापेक्षा तारामासा आपल्याला जवळचा आहे. १९९० च्या दशकापासून जनुकीय पुराव्यांनीही तारामासा व बॅलॅनोग्लॉसस यांचे नाते पक्के केले.

(१४) तरीही डोळ्यांची फसगत संपली नाही. १९८६ मध्ये न्यूझीलंडजवळच्या खोल समुद्रात, बुडालेल्या लाकडावर सापडलेल्या ‘झायलोप्लॅक्स’ या चकतीएवढ्या इवल्या जिवासाठी स्वतंत्र वर्गच निर्माण करण्यात आला. पुढील अभ्यासांत तो रूप बदललेला तारामासाच ठरला. आणि २०२३ मध्ये तारामाशाच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसले की, इतर प्राण्यांत डोके घडवणारी जनुके त्याच्या बाह्यांगावर सर्वत्र कार्यरत असतात, तर धड घडवणारी तेथे जवळजवळ आढळत नाहीत.

(१५) म्युलर चुकले, पण त्यांनी काढलेले चित्र चुकले नव्हते. जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले, म्हणूनच वीस वर्षांनी दुसऱ्याला त्याच नोंदीतून वेगळा अर्थ काढता आला. निष्कर्षाला सोयीचे व्हावे म्हणून त्यांनी दोन रेषा इकडच्या तिकडे केल्या असत्या, तर हे नाते उलगडायला आणखी किती काळ लागला असता कोण जाणे. आपण कागदपत्रे हाताळतो तेव्हाही नोंद आणि निष्कर्ष यांतले हे अंतर जपणे आपल्याच हाती असते.

धागा समाप्त. काही उणे राहिले असल्यास जाणकारांनी अवश्य सांगावे.