मैदान आणि ग्रंथालय : करीम अब्दुल-जब्बार यांची वाटचाल

मुलगा संध्याकाळी मैदानावर रमू लागला की जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी घरोघर एकच चिंता सुरू होते : 'आता याचा अभ्यास बुडणार.' पालकांची ही चिंता अगदीच निराधार नाही. पण खेळ आणि विद्या यांचे खरोखरच वैर आहे काय?

बास्केटबॉल म्हटले की आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या नागपाड्याचे अब्बास मुंतसिर आठवतात. ते भारतीय संघाचे कर्णधार होते आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. मात्र मैदान आणि महाविद्यालय यांची सांगड कशी घालावी, हे पाहण्यासाठी या खेळाच्या जन्मभूमीकडे, अमेरिकेकडे वळू या. तेथे १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला तोही जेम्स नेस्मिथ या शिक्षकानेच.

करीम अब्दुल-जब्बार यांचा जन्म १६ एप्रिल १९४७ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. त्यांचे मूळ नाव लू अल्सिंडर. वडील पोलीस खात्यात नोकरीला होते. मुलाची उंची वाढत वाढत ७ फूट २ इंचांवर गेली आणि शाळेतच त्यांच्या खेळाचा गवगवा झाला. परंतु १९६४ च्या उन्हाळ्यात हा सतरा वर्षांचा मुलगा हार्लेम वस्तीतील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्र उपक्रमात काम करीत होता आणि ग्रंथालयात बसून आपल्या कृष्णवर्णीय समाजाचा इतिहास वाचीत होता. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्रकार परिषदेलाही तो त्याच वर्षी हजर होता.

१९६५ मध्ये त्यांनी लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथील प्रशिक्षक जॉन वुडन हे पूर्वी इंग्रजीचे शिक्षक होते. पायमोजे नीट कसे घालावेत, हा त्यांचा पहिला धडा असे. मोज्याला चुणी पडली तर पायाला फोड येतो, फोड आला तर सराव चुकतो! प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला त्या काळी मुख्य संघात खेळता येत नसे. पुढील तीन वर्षांत त्यांच्या संघाने ९० पैकी ८८ सामने जिंकले आणि १९६७, १९६८ व १९६९ अशी लागोपाठ तीन वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळविले.

१९६७ मध्ये नियम बदलला आणि चेंडू वरून थेट कड्यात कोंबण्यास महाविद्यालयीन खेळात बंदी आली. हा नियम आपल्याला डोळ्यासमोर ठेवूनच केला, असे त्यांना वाटले. पण कुरकुरत न बसता त्यांनी एका हाताने उंचावरून चेंडू टाकण्याचा आपला 'स्कायहूक' फटका घोटून घोटून पक्का केला. पुढे तोच त्यांची ओळख ठरला.

याच विद्यार्थीदशेत, वाचन आणि मननाअंती, १९६८ मध्ये त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. १९६९ मध्ये ते इतिहास विषयाचे पदवीधर झाले. व्यावसायिक संघ वाट पाहत असतानाही पदवी अर्धवट टाकली नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. १९७१ पासून जग त्यांना करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखू लागले.

वीस हंगाम खेळून १९८९ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या खात्यावर ३८,३८७ गुण जमा होते. हा उच्चांक २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्स यांनी मोडला. उच्चांक हे मोडण्यासाठीच असतात. पण इतिहासाच्या त्या विद्यार्थ्याने निवृत्तीनंतर लेखणी हाती धरली आणि आपल्या समाजाच्या विस्मृत वीरांवर ग्रंथ लिहिले. २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला.

सात फूट उंची लाखांत एखाद्यालाच लाभते, आणि खेळावर पोट भरणारेही थोडेच. म्हणूनच विद्यार्थी मित्रांनो, मैदानावर जरूर जा. परंतु पुस्तकाला अंतर देऊ नका. आणि पालकांनो, मुलामुलींना मैदानापासून तोडू नका. वेळेवर येणे, हार पचविणे, चूक सुधारणे हे धडे तेथे मिळतात. गुडघे एक दिवस थकतात. मिळविलेले इल्म अखेरपर्यंत साथ देते.