दोरी तुटली नाही

मासा निसटला की माणूस प्रथम दोरीला दोष देतो. मीही दिला. नारळी पौर्णिमा होऊन महिना उलटला होता, गुहागरच्या पुळणीवर भरती चढत होती, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून मी फुटत्या लाटांच्या पलीकडे गळ फेकला होता. आमच्या विश्रांतवाडीला पाणी जवळचे ते मुळेचे. तिच्यात आता गळ टाकावा असे फारसे काही उरलेले नाही, म्हणून वर्षातून एकदा ही कोकणची वारी. हिसका बसला, काठी वाकली, बहुधा रावस असावा. पाचएक मिनिटे ओढाताण चालली आणि एकाएकी हातातले वजन नाहीसे झाले.

‘तुटली दोरी!’ मी ओरडलो. शेजारी पाग घेऊन उभा असलेला एक म्हातारा खारवी जवळ आला. दोरीचे टोक चिमटीत धरून त्याने उजेडाकडे केले. ते वेलाच्या तणाव्यासारखे गोल वळलेले होते.

‘मास्तर, दोरी नाय तुटली. गाठ सुटली. तुटली असती तर टोक असं वळलं नसतं. दोरी नायलॉनची घेतलीत नि गाठ मारलीत सुताची.’

हे वाक्य मला माशापेक्षा अधिक लागले. कारण ती गाठ मला वडिलांनी शिकवली होती. त्यांनी ती त्यांच्या वडिलांकडून, मुळेच्या काठी मरळ आणि वाम धरताना, सुताच्या दोरीवर उचललेली. आणि मी ती स्काउटच्या तासाला वर्षानुवर्षे पोरांना ‘हीच खरी निरगाठ’ म्हणून शिकवत आलो होतो. पुण्याला परतल्यावर जे हाती लागेल ते वाचून काढले. त्यातून जे कळले ते थोडक्यात सांगतो.

गळाने मासे धरणे हा आपल्याकडे केवळ पोटाचा धंदा नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्याच्या पाच विंशतींपैकी एक आहे राजाच्या विनोदांची, आणि तीत मत्स्यविनोद येतो : कोणता मासा कुठे राहतो, काय खातो, त्याला कोणते आमिष लावावे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद ज्या ग्रंथात सापडते, तोच हा ग्रंथ. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा कुठे गळाच्या शौकिनांना हा पूर्वज माहीत झाला. राजाला गळ टाकण्याचा छंद असला तरी गाठी तो स्वतःच मारत असेल, असे मला वाटत नाही. गाठी मारणारे हात ग्रंथ क्वचितच लिहितात. अपवाद क्लिफर्ड अ‍ॅश्ली या अमेरिकन चित्रकाराचा. अकरा वर्षे खपून त्याने 1944 मध्ये गाठींचा कोश छापला, त्यात 3,800 हून अधिक नोंदी आहेत.

गाठीचे सारे बळ घर्षणात असते. दोरीचा एक पदर दुसऱ्याला दाबतो आणि धरून ठेवतो. सुताच्या दोरीला बारीक लव असते, ती पाण्याने फुगते, म्हणून साधी गाठही ओली झाली की अधिक आवळते. ताग, अंबाडी, काथ्या यांचेही पुष्कळसे असेच. आपल्या भाषेतल्या निरगाठ आणि सुरगाठ या दोन्ही असल्या खरबरीत दोऱ्यांच्या जगातल्या आहेत. जाळ्याची गाठ तर इतकी साधी, की तुटलेला ताणा जोडताना विणकर नेमकी तीच मारतो.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने 1653 मध्ये गळाचे पुस्तक लिहिले तेव्हा दोरी होती घोड्याच्या शेपटीच्या केसांची. पुढे स्पेनमधून रेशमाची तात आली. कोसला विणायच्या बेतात असलेल्या किड्याच्या पोटातली रेशीमग्रंथी काढून ती ओढून लांबवायची. एक तुकडा जेमतेम हातभर, म्हणजे गाठींवर गाठी. आणि ही तात कोरडी असताना ठिसूळ. आधी पाण्यात भिजवायची, मगच गाठ मारायची. साहेब लोक महाशीर धरायला आपल्या नद्यांवर येत तेव्हा हेच सामान बरोबर असे. हेन्री सलिव्हन थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 मध्ये मंगळूरला छापले गेले, ते याच तातीच्या काळातले.

मग नायलॉन आले. वॉलेस कॅरदर्सच्या प्रयोगशाळेत ते 1935 मध्ये तयार झाले, 1938 मध्ये जाहीर झाले, आणि बायकांच्या मोज्यांआधी दात घासण्याच्या ब्रशात शिरले. मासेमारीच्या दोरीला ते वरदान वाटले यात नवल नाही. सुताचे जाळे दर खेपेनंतर वाळवावे लागे, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून मुरवावे लागे. तरी ते कुजायचेच. नायलॉन कुजत नाही. 1957 मध्ये कोचीनला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली. तिने या नव्या धाग्यांच्या जाळ्यांवर पुष्कळ काम केले, आणि पुढल्या वर्षांत आपल्या किनाऱ्यावरचे सूत हळूहळू हद्दपार झाले.

पण धागा बदलला, हात तेच राहिले. नायलॉन गुळगुळीत, शिवाय ताणले की किंचित बारीक होते. जुनी एकेरी गाठ त्यावर घसरू लागली. जाळ्यात गाठ घसरली की एक घर मोठे, शेजारचे लहान. मोठ्यातून मासा जातो. उपाय म्हणून तीच गाठ एक वेढा अधिक देऊन दुहेरी मारू लागले, आणि कारखान्यात विणलेली जाळी ताणून, उष्णता देऊन गाठी पक्क्या बसवू लागले. मौज अशी, की समुद्रापासून इतक्या दूरच्या आमच्या पुण्याचाही या उद्योगात वाटा आहे. 1976 मध्ये स्थापन झालेल्या गरवारे वॉल रोप्सने चिंचवड आणि वाई येथे दोर आणि मासेमारीची जाळी बनवली. 2018 पासून ती गरवारे टेक्निकल फायबर्स या नावाने ओळखली जाते. विश्रांतवाडीहून दिघी-भोसरीमार्गे चिंचवड किती लांब? मी मात्र गाठ समजून घ्यायला गुहागरला गेलो.

म्हाताऱ्याने त्या संध्याकाळी वाळूत बसून मला नवी गाठ दाखवली. दोरी गळाच्या नेढ्यातून काढायची, तिच्याच अंगाभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक परत नेढ्याजवळच्या फटीतून घालायचे. आवळण्याआधी त्याने गाठ तोंडात धरून ओली केली. मला ती सवय वाटली. ते शास्त्र निघाले. कोरडे नायलॉन झटक्याने आवळले की घर्षणाने तापते, आणि नेमक्या त्या जागी कमजोर होते. आणि मग त्याने ती हळू, एकसारखी ओढली, वेढे एकाला एक लागून बसेपर्यंत. हल्ली विणीची जी बारीक दोरी मिळते ती आणखी निसरडी, तिला वेढे याहून अधिक लागतात, असे तोच म्हणाला. त्याचा नातू ती वापरतो.

‘तुमच्या बापाची गाठ वाईट नव्हती,’ उठताना तो म्हणाला. ‘त्याची दोरी कुठे हाय आता?’

शाळा उघडल्यावर स्काउटच्या तासाला मी दोन दोऱ्या नेल्या, एक सुताची, एक नायलॉनची. दोन्ही खिडकीच्या गजाला वडिलांच्या गाठीने बांधल्या आणि वर्गातल्या सर्वांत दांडग्या पोराला ओढायला सांगितले. सुताची त्याला हलली नाही. नायलॉनची तिसऱ्या हिसक्याला निसटली. टोक हातोहात सगळ्या वर्गात फिरले. ते तसेच गोल वळलेले होते.