फी कोण भरत होतं?

परवा भाची वडगावला आली होती. शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करते आहे, विषय आमच्या भागातल्या दलित स्त्रियांचं शिक्षण. आल्या आल्या म्हणाली, "मावशी, आत्याआजीची मुलाखत घ्यायचीय. तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी मध्ये बोलेन ही तिची भीती रास्तच आहे! शिवाय माझ्या मनात एक जुनी ठसठस आहे, तीही तिला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात मी एम.फिल. अर्धं सोडलं. कुणी दार बंद केलं नव्हतं. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली. पण दुसरं प्रकरण लिहून दिलं त्यानंतर वर्षभर "पुढे काय झालं?" असं एकाही माणसानं विचारलं नाही. मग मीही स्वतःला विचारायचं सोडून दिलं. असो.

दारं उघडण्याचा इतिहास आम्हा कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानातल्या पन्नास टक्के जागा राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मार्च १९२० मध्ये आमच्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली आणि तिथं महाराजांनी तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवून, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं लोकांना सांगितलं. आमचे आजोबा पोरगेले असताना वडिलांबरोबर तिथं चालत गेले होते, असं घरात सांगतात. त्या गोष्टीत आजी कुठेच नसते. आजीला कुणी नेलं होतं का, हे मीही कधी विचारलं नाही.

मला वाटतं, दार उघडणं हे एक काम आणि आत आलेल्या पोरीच्या मागे उभं राहणं हे दुसरं. मुक्ता साळवे घ्या. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन हप्त्यांत छापून आला. धर्माच्या ठेकेदारांना तिनं थेट जाब विचारला. चार ओळी शिकवणं निराळं आणि मुलीला असं लिहायचा धीर देणं निराळं. ते सावित्रीबाईंच्या शाळेत घडलं. पण त्यानंतर मुक्तानं काय लिहिलं? आपल्या हाती तो एकच निबंध आहे.

आता बेबीताई कांबळे. फलटणला छोटंसं किराणा दुकान चालवायच्या, पुडीच्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून वह्या लिहायच्या. कितीतरी वर्षं! फलटणमध्येच राहणाऱ्या, मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सिन बर्नसन यांना ते लेखन कळलं, त्यांनी ते छापायचा आग्रह धरला. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. एका बाईनं विचारलं नसतं तर त्या वह्यांचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

अमेरिकेवरून आठवलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना. त्या मुक्त झालेल्या माणसांच्या पोटी जन्मलेली मेरी मॅकलिऑड बेथून हिनं १९०४ मध्ये फ्लोरिडात दीड डॉलर आणि पाच मुलींवर शाळा सुरू केली. जळक्या लाकडाच्या पेन्सिली आणि फळांच्या रसाची शाई! आज त्या शाळेचं विद्यापीठ झालं आहे. १९३५ मध्ये तिनं कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनांची राष्ट्रीय परिषद उभी केली. मुलींना शिकवायचं आणि पुढारीही करायचं, ही दोन्ही कामं तिनं एकच मानली.

आपल्याकडे जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष, बाबासाहेब स्वतः हजर, आणि हजारो बायका. पण या बायका कोण, कुठून आल्या, हे लिहायला आपल्यातल्याच दोघींना घराबाहेर पडावं लागलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव म्हाताऱ्या कार्यकर्त्या शोधत फिरल्या, त्यांच्याजवळ बसल्या. १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. भाचीच्या पिशवीत त्याचीच प्रत होती, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली.

तर मुलाखत. आत्याचं वय शहाऐंशी. भाचीनं फोन समोर ठेवला आणि चळवळीत काय केलं ते विचारलं. आत्या म्हणाली, "आमी काय करतोय बाई? भाकऱ्या थापल्या."

भाची गप्प बसली. मग तिनं प्रश्न बदलला. किती भाकऱ्या? कुणासाठी? पीठ कुणाचं? हळूहळू निघालं, की जयंतीला वस्तीतल्या बायका घरटी पीठ गोळा करायच्या, आणि हिशेब आत्याच्या डोक्यात असायचा. आत्या चौथीतच शाळेतून निघालेली, धाकटी भावंडं सांभाळायला.

मग भाचीनं विचारलं, "मावशी कॉलेजला गेली तेव्हा फी कोण भरत होतं?"

"तिचा बाप," मी म्हटलंच! (मध्ये बोलायचं नाही हे विसरून.)

आत्या माझ्याकडे बघून हसली. "पयल्या वर्षी तुज्या बापाकडं कुठलं पैसं? माजं चांदीचं तोडं हुतं, ते वडगावच्या बाजारात इकलं. तुला सांगितलं न्हाई. तू नगं म्हणली असतीस."

माझ्या कॉलेजची हकीकत मी आजवर कितीजणांना ऐकवली असेल. तीत हे तोडे कधीच नव्हते. पाठीशी कुणी नव्हतं, हे मी एम.फिल.पुरतं खरंच सांगत होते. पण मी ते पुढे आयुष्यभराला लावून टाकलं होतं. इतिहास असा घरातल्या घरातही चुकतो.

रात्री भाची जायला निघाली. तिला म्हटलं, दुसरं प्रकरण लिहून झालं की मला पाठव, मी वाचणार आहे. "आणि तिसरं?" तिनं विचारलं. म्हटलं, ते कधी देतेस हे मी दर रविवारी फोन करून विचारणार आहे.

वडगावच्या भावंडांनो, तुमच्या घरीही कुणी म्हातारी असेल. काय केलंस असं विचारू नका, ती काही नाही म्हणेल. फी कोण भरत होतं ते विचारा.