चेक आणि शह

इंदूरच्या आपल्या मराठी घरांत ‘चेक’ दिवसभर कानावर पडतो. गॅस चेक कर, बीपी चेक करा, चेकचा शर्ट आणि बँकेतला चेक.

या सगळ्यांचे मूळ बुद्धिबळाच्या पटावर आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की ‘शाह’ म्हणून सावध करीत. अरबी व जुन्या फ्रेंचमार्गे त्याचा इंग्रजीत ‘चेक’ झाला; आपल्याकडे तोच शब्द ‘शह’ म्हणून आला. म्हणजे दोघे सख्खे भाऊच! शह म्हणजे अडवणे, आणि अडवून पाहणे म्हणजे तपासणे. पटासारखे चौकटींचे कापड ते चेकचे. बँकेचा चेक म्हणजे आधी लबाडीला आळा घालणारे काउंटरफॉईल. पुढे ते नाव कागदालाच चिकटले.

‘धनादेश’ आम्ही छापील वाचला, काउंटरवर क्वचितच ऐकला. त्याची आम्हाला खंत नाही. खंत आहे ती ‘चेक कर’ची, कारण तो एकटा अनेक क्रियापदे गिळतो. हिशेब पडताळायचा, खिसा चाचपायचा, धान्य पारखायचे, आमटीचे मीठ चाखून बघायचे. नातवंडे या सगळ्याला ‘चेक’च म्हणतात.