मळखेडची माळ आणि स्पिनरांचे घर

कलबुर्गीहून सेडमच्या रस्त्याला लागले की वाटेत कागिणा नदीच्या काठी मळखेड लागते. ढासळलेला कोट, नेमिनाथाची बसदी, श्रीजयतीर्थांचे वृंदावन, भोवती काळी जमीन, असे हे गाव. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याने खोदविले त्या राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट ती हीच, हे आज तेथे उतरणाऱ्याला कोणी तरी सांगावे लागते. आपण सीमाभागातली माणसे. हे राज्य मराठ्यांचे की कन्नडिगांचे, असा वाद आपल्याकडे अधूनमधून रंगतो. पण इसवी सन 814 ते 878 या काळात राज्य करणाऱ्या अमोघवर्ष नृपतुंगाला तो वाद समजलाही नसता. त्याच्या दरबाराशी ‘कविराजमार्ग’ या उपलब्ध कन्नड ग्रंथांतील सर्वांत जुन्या ग्रंथाचे नाव जोडलेले आहे आणि त्याच्याच कारकिर्दीत महावीराचार्य या जैन गणितज्ञाने संस्कृतात ‘गणितसारसंग्रह’ रचला. ग्रंथाच्या आरंभी जिनवंदनेबरोबर या राजाचीही स्तुती आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र विसाव्या शतकातला आहे. क्लिफर्ड बीजगणिताचे स्पिनर हे बाह्य बीजगणितातून कसे उभे राहतात, हा तो विषय. नावे भारदस्त आहेत, परंतु आतला विचार दहावीच्या विद्यार्थ्याला समजावा इतका साधा आहे. तो मळखेडच्या वाटेने सांगण्यास एक कारण आहे. माझ्या विद्यार्थिदशेत एका समारंभात एका वक्त्याने पुंजयामिकी म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे ठासून सांगितले. टाळ्या पडल्या, मीही वाजविल्या. घरी आल्यावर गणित शिकविणाऱ्या माझ्या गुरुजींनी एवढेच विचारले, कोणत्या ग्रंथात, कोणत्या श्लोकात? मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनात ठेवूनच हे लेखन केले आहे.

महावीराचार्यांच्या ग्रंथात निवडीचे गणित आहे. दिलेल्या वस्तूंतून काही वस्तू निवडण्याचे प्रकार किती, हे काढण्याचा सर्वसाधारण नियम त्यांनी दिला: एकापासून पुढे अंक क्रमाने मांडावे, तेच उलट क्रमाने वर मांडावे, आणि जितक्या वस्तू निवडायच्या तितक्या वरच्या अंकांचा गुणाकार खालच्या तितक्याच अंकांच्या गुणाकाराने भागावा. सहांतून दोन निवडायच्या तर सहा गुणिले पाच, भागिले एक गुणिले दोन, म्हणजे 15. उदाहरणासाठी त्यांनी तुरट, कडू, आंबट, तिखट, खारट आणि गोड हे सहा रस घेतले. एकेक घेतल्यास 6, दोन दोन घेतल्यास 15, मग 20, 15, 6 आणि सहाही एकत्र असा 1, एकूण 63. हा विषय त्यांच्यापूर्वीही होता. सुश्रुतसंहितेत रसांचे 63 भेद आहेत, वराहमिहिराने सोळा द्रव्यांतून चार निवडून होणारी 1820 सुगंधी मिश्रणे मोजली आहेत. नियम प्रथम कोणी मांडला, या वादात शिरण्याचे कारण नाही. तो मान्यखेटच्या राजाच्या काळी स्पष्ट शब्दांत लिहिला गेला, एवढे निश्चित आहे. रसांखेरीज आणखी दोन उदाहरणे त्यांनी दिली: हिरे, नीलमणी, पाचू, पोवळी व मोती यांचा एकसरी हार, आणि केतकी, अशोक, चंपक व नीलोत्पल या फुलांची माळ. ही माळ आणि हा हार लक्षात असू द्यावा.

त्याच ग्रंथात आणखी एक विधान आहे. ऋण राशी ही स्वभावतःच कोणत्याही राशीचा वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. भास्कराचार्यांनीही पुढे हेच म्हटले. पाठ्यपुस्तकांतून हे विधान कधी कधी प्राचीनांची मर्यादा म्हणून दाखविले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. ज्या संख्यांनी आपण धान्य मोजतो, त्या संख्यांपुरते ते आजही तंतोतंत खरे आहे. ऋण एक हा ज्याचा वर्ग, अशी वस्तू हवी असेल तर ती त्या संख्यांबाहेर शोधावी लागेल, इतकाच त्याचा अर्थ.

ती शोधली गेली एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात. 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिन येथे हॅमिल्टन यांना कालव्याच्या पुलाजवळ क्वाटर्निअनचे नियम सुचले. त्यांत तीन एकके, प्रत्येकाचा वर्ग ऋण एक, आणि गुणाकाराचा क्रम उलटविला की चिन्ह उलटते. पुढच्याच वर्षी, 1844 मध्ये, श्टेटीन या तेव्हाच्या प्रशियातील व आजच्या पोलंडमधील गावच्या हेर्मान ग्रासमान यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. या गृहस्थांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते शाळामास्तर होते. विद्यापीठाची जागा मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. 1847 मध्ये कुम्मर या मोठ्या गणितज्ञाने, मजकूर चांगला पण मांडणी सदोष, असा अभिप्राय दिला आणि जागा गेली ती कायमची. पुस्तक खपेना. सुमारे सहाशे प्रती प्रकाशकाने 1864 मध्ये रद्दीत घातल्या. ग्रासमान शाळेतच राहिले, आणि उत्तरायुष्यात संस्कृताकडे वळून त्यांनी ऋग्वेदाचा कोश व जर्मन भाषांतर सिद्ध केले. वैदिक अभ्यासक त्यांचा कोश अजूनही चाळतात. 1877 मध्ये ते वारले.

ग्रासमान यांची कल्पना माळेच्याच भाषेत सांगता येते. महावीराचार्यांना केतकी आणि अशोक यांची निवड हवी होती. केतकी आधी की अशोक आधी, याने निवड बदलत नव्हती. ग्रासमान यांनी ठरविले की क्रमाची आठवण ठेवायची, पण ती केवळ एका चिन्हात. केतकीपुढे अशोक ही माळ म्हणजे अशोकापुढे केतकी या माळेची ऋण. एकच फूल दोनदा गुंफले तर माळ शून्य. या नियमाने बांधलेल्या गुणाकाराच्या सृष्टीला आज बाह्य बीजगणित म्हणतात. तिच्यातील निरनिराळ्या माळा मोजू लागलो की महावीराचार्यांचेच अंक पुन्हा भेटतात. फरक एकच: येथे रिकामा दोराही एक माळ धरावी लागते. म्हणून सहा रसांचे 63 नव्हे, 64 होतात. आचार्यांनी चव नसलेली चव मोजली नाही, ते व्यवहाराला धरूनच होते.

1878 मध्ये विल्यम क्लिफर्ड या तरुण इंग्रज गणितज्ञाने ग्रासमान आणि हॅमिल्टन यांची गाठ घातली. वेगवेगळी एकके क्रम उलटविल्यास चिन्ह बदलतात हा नियम त्याने ठेवला, पण तेच एकक दोनदा आले तर शून्य न करता धन किंवा ऋण एक करावे, असे ठरविले. पुढच्याच वर्षी मदेइरा बेटावर क्षयाने तो गेला. वय अवघे 33. स्पिनर हा शब्द त्याने ऐकला नव्हता. 1913 मध्ये फ्रान्समधील एली कार्तां यांना, फिरविण्याच्या क्रियांचा अभ्यास करताना, सदिशांपासून न बनणारी एक नवी जात आढळली. भौतिकशास्त्रज्ञांना तिची गरज 1927 मध्ये पाउली यांच्या आणि 1928 मध्ये डिरॅक यांच्या समीकरणाने पडली. इलेक्ट्रॉनसाठी डिरॅक यांना असे चार गुणक हवे होते की कोणत्याही दोघांचा क्रम उलटविला की चिन्ह उलटावे, एकाचा वर्ग धन एक आणि तिघांचे वर्ग ऋण एक. संख्यांत ते मिळत नाहीत. डिरॅक यांनी चार ओळी व चार स्तंभांचे मॅट्रिक्स लिहिले. चारच का, हे माळ सांगते.

दोनच फुले घेऊ, केतकी व अशोक. माळा चार: रिकामा दोरा, केतकी, अशोक, आणि केतकी-अशोक. आता केतकीविषयी दोन क्रिया ठरवू. पहिली गुंफणे, म्हणजे माळेच्या आरंभी केतकी घालणे. ती आधीच असेल तर उत्तर शून्य. दुसरी उतरविणे, म्हणजे आरंभीची केतकी काढणे. ती माळेत नसेल तर शून्य. या दोन क्रियांची बेरीज करून ती रिकाम्या दोऱ्यावर लावली तर केतकी मिळते. पुन्हा लावली तर रिकामा दोरा परत येतो. अशोकाच्या माळेवरही तसेच होते. म्हणजे बेरजेचा वर्ग धन एक. आता गुंफण्यातून उतरविणे वजा करा. रिकाम्या दोऱ्याची केतकी होते, आणि पुन्हा लावल्यावर केतकीचा ऋण रिकामा दोरा होतो. वर्ग ऋण एक! महावीराचार्यांचे विधान मोडलेले नाही. वर्ग संख्येचा झाला नाही, क्रियेचा झाला.

अशोकाविषयी अशाच दोन क्रिया घ्याव्या. तेथे मात्र ग्रासमान यांचे चिन्ह जागे होते. रिकाम्या दोऱ्यात आधी केतकी व मग अशोक गुंफला तर अशोक-केतकी, म्हणजे ऋण केतकी-अशोक मिळते. आधी अशोक व मग केतकी गुंफली तर धन केतकी-अशोक. क्रम उलटला, चिन्ह उलटले. उतरवितानाही हेच: केतकीच्या मागे असलेला अशोक काढायचा तर तो आधी पुढे आणावा लागतो आणि एक ऋण चिन्ह पदरात पडते. दोन फुलांपासून अशा रीतीने चार गुणक झाले. दोघांचे वर्ग धन, दोघांचे ऋण. धनांपैकी एकाला ऋण एकाच्या कल्पित वर्गमुळाने गुणले की डिरॅक यांना हवी तीच चौकडी हाती येते, आणि ती चार माळांवर काम करते. विद्यार्थ्यांनी घरी कागदावर चारही क्रियांचे तक्ते मांडून पाहावे. अर्धा तास पुरतो आणि विश्वास बसतो. चार माळांना जोडलेले चार सहगुणक म्हणजेच डिरॅक यांचा स्पिनर. त्यांतील सम फुलांच्या दोन माळा व विषम फुलांच्या दोन माळा वेगळ्या काढल्या तर दोन अर्धस्पिनर होतात. एका वेळी दोन गुणक लावले तर सम माळ समच राहते, विषम विषमच. आणि फिरविण्याची क्रिया अशा जोड्यांनीच बनते. याच कारणाने एक पूर्ण वळसा घातला की स्पिनरचे चिन्ह उलटते. मूळ स्थिती दुसऱ्या वळशानंतर येते.

फुले कितीही असोत, रीत हीच. फुलांच्या दुप्पट मितींचे क्लिफर्ड बीजगणित त्या फुलांच्या सर्व माळांवर काम करते. सहा रस घेतले तर बारा मितींच्या अवकाशाचे 64 घटकांचे स्पिनर मिळतात. त्यांत सम 32 आणि विषम 32. ब्राउअर व वाइल यांनी 1935 मध्ये सर्व मितींसाठी स्पिनर मॅट्रिक्सच्या भाषेत बांधून दाखविले. बाह्य बीजगणितावरून केलेली बांधणी सर्वसाधारण व काटेकोर रूपात रूढ झाली ती मुख्यतः शव्हाले यांच्या 1954 मधील ग्रंथाने. ग्रासमान यांची माळ तेथे अखेर आपल्या घरी पोचली असे मला वाटते. मधल्या 110 वर्षांत ती बरेच हात फिरली.

हिंदुस्थानचा यात वाटा नाही असे नाही, आणि तो शोधण्यास नवव्या शतकात जाण्याची गरज नाही. कानपूरचे हरीशचंद्र 1943 ते 1945 या काळात बंगळूरला भाभांकडे होते. तेथून केंब्रिजला डिरॅक यांचे विद्यार्थी झाले, आणि पुढे गणितात शिरून त्यांनी एक प्रचंड सिद्धांत उभा केला. त्या सिद्धांतातील महत्त्वाच्या वस्तू डिरॅक यांच्या समीकरणाने व स्पिनरांच्या साह्याने प्रत्यक्ष बांधून दाखविण्याचे मोठे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर. पार्थसारथी यांनी केले. त्यांचा लेख 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. समारंभात टाळ्या वाजवायच्या असतील तर या नावांना वाजवाव्यात. श्लोक कोणता, असे कोणी विचारले तर लेखाचे वर्ष सांगता येते.

मग महावीराचार्यांचे काय? त्यांना स्पिनर ठाऊक नव्हते. चिन्ह बदलणारा गुणाकार त्यांच्या ग्रंथात नाही, गुंफणे-उतरविणे नाही, फिरविण्याचा विचारही नाही. त्यांच्याकडे होती ती मोजदाद, आणि ती अचूक होती. हा ग्रंथ दक्षिणेत शतकानुशतके अभ्यासला गेला. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत नेला. 1912 मध्ये मद्रासला एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो छापला, तेव्हा जगाने तो वाचला. ज्या जागेत नंतर कोणी घर बांधले त्या जागेचे माप आधी बिनचूक घेतलेले होते, असे आपण म्हणू शकतो. घरच आमचे, असे म्हणू शकत नाही. माझ्या मते पहिल्या विधानाचा अभिमान पुरेसा आहे.

राहिला तो पाच रत्नांचा हार. महावीराचार्यांच्या नियमाने त्याचे प्रकार 5, 10, 10, 5 आणि 1, म्हणजे 31. रिकामा दोरा धरला की 32. दहा मितींचे स्पिनर ते हेच. त्यांतील सम रत्नांचे हार वेगळे काढले तर एक रिकामा दोरा, दोन रत्नांचे दहा आणि चार रत्नांचे पाच, असे 16 होतात. 1975 च्या सुमारास हॉवर्ड जॉर्जी आणि स्वतंत्रपणे फ्रिट्श व मिंकोव्स्की यांनी असे सुचविले की द्रव्यकणांचे एक संपूर्ण कुटुंब, म्हणजे क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो, नेमके या सोळा जागांत बसते. पंधरा जागांवरचे कण प्रयोगशाळांना परिचित आहेत. सोळावी जागा, जी रिकाम्या दोऱ्याची, ती उजव्या हाताच्या न्यूट्रिनोला दिलेली आहे. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे असा पुरावा 1998 मध्ये जपानमधील सुपर-कामिओकांडे येथे मिळाला, त्यामुळे त्या जागेविषयीचे कुतूहल वाढले. तो कण अद्याप कोणालाही सापडलेला नाही.