लाईम आजार: परदेशी शिकणाऱ्या मुलाला चक्कर आली तर

परभणी जिल्ह्यात गोचीड म्हटली की गोठा आठवतो. लाईम आजार पसरवणारी गोचीड मात्र त्या जातीची नाही. ती अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत गवतात आणि झाडीत सापडते. आपल्याकडची मुले शिकायला, नोकरीला जातात त्यातलीच ही राज्ये. म्हणून इथल्या पालकांनाही या आजाराची माहिती हवी.

आजाराचे नाव कनेक्टिकटमधल्या लाईम गावावरून पडले. त्याचे जंतू १९८२ मध्ये ओळखले गेले. कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे ती चावल्याचे अनेकांना कळतही नाही. त्यानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेकांच्या अंगावर पसरत जाणारा चट्टा उठतो. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता काळपट दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो. सोबत ताप, अंगदुखी, थकवा येतो.

हृदयावर काय परिणाम होतो?

नोंद झालेल्या शंभर रुग्णांमध्ये साधारण एकाच्या हृदयापर्यंत आजार पोहोचतो, बहुधा एक-दोन महिन्यांनी. तरुण पुरुषांत हे प्रमाण जास्त आढळते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारा विजेचा संदेश अडखळतो. याला हार्ट ब्लॉक म्हणतात.

हा शब्द ऐकून घरचे लोक हमखास घाबरतात. आपण ज्याला 'ब्लॉकेज' म्हणतो, तो रक्तवाहिनीतला अडथळा हा नव्हे. इथे अँजिओप्लास्टी लागत नाही, बिघाड विजेच्या वाटेत असतो. पण तो काही तासांत, कधी काही मिनिटांत वाढू शकतो. अमेरिकेत नोव्हेंबर २०१२ ते जुलै २०१३ या काळात अशा तिघांचा अचानक मृत्यू झाला. तिघेही २६ ते ३८ वर्षांचे होते.

चक्कर, शुद्ध हरपणे, धडधड, दम लागणे किंवा छातीत दुखणे यापैकी काही असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. शुद्ध हरपली असेल तर तिथे ९११ वर फोन करावा आणि स्वतः गाडी चालवू नये. "जागरण झालं असेल, लिंबू-सरबत घे" असे आपण फोनवर सांगतो आणि मुलगाही बिलाच्या भीतीने दुखणे अंगावर काढतो. विद्यापीठाचा आरोग्य विमा अशाच वेळेसाठी असतो. घरून दिलेल्या औषधांच्या डब्यातली अँटिबायोटिक गोळी मनानेच सुरू करू नये.

उपचार

ब्लॉक गंभीर असल्यास रुग्णाला मॉनिटरवर ठेवून शिरेतून अँटिबायोटिक देतात. संशय दाट असेल तर रक्ताच्या अहवालासाठी थांबत नाहीत. पुढे गोळ्या धरून उपचार सहसा दोन ते तीन आठवडे चालतो. काहींना तात्पुरता पेसमेकर लागतो, पण बहुतेकांचे ठोके काही दिवसांत ते आठवड्यांत पूर्ववत होतात. कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो. त्यामुळे तरुण रुग्णाला तो सुचवला गेला, तर लाईमची तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारावे.

मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आल्यावर त्रास सुरू झाला, तर इथल्या डॉक्टरांना लाईम चटकन सुचणार नाही. मागच्या काही महिन्यांत तो किंवा ती कुठे राहत होती, डोंगरात किंवा जंगलात फिरायला गेली होती का, अंगावर चट्टा उठला होता का, हे आपणहून सांगावे. गोचीड चावल्याचे आठवत नसले तरीही सांगावे.